नेपाळात बहिऱ्या मुलांच्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून जायचं असेल तर

काठमांडूला बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहून आल्यापासून ओळखीतले बरेचजण विचारतायत की आम्हालाही जायचंय, कसं जायचं, कुठल्या संस्थेला किती भरले, मुलांना काय शिकवलं. तर पहिलं म्हणजे कुणाला एक पैसा भरला नाही. आणि शिकवलं म्हणाल तर मी फारसं काही शिकवलं नाही, शिकवलं ते दादानं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, जन्मापासून ऐकू येत नाही, सांगलीत आमच्या प्रेसमध्ये ऑफसेटचं म्हणजे छपाईचं मशीन तोच सांभाळतो आणि मी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम बघतो. दिवाळी उरकली, कॅलेंडरची कामं धाकट्याच्या गळ्यात घातली आणि दोघं निघालो.

हे सगळं जमलं ते दादाच्या ओळखीनं. बहिऱ्या लोकांचं नेटवर्क आपल्या कल्पनेबाहेरचं असतं, क्रिकेटच्या मॅचेस, संमेलनं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ कॉल, कुठल्याही शहरात यांचं कुणीतरी असतंच. अशाच एका ओळखीतून त्या शाळेच्या सरांशी बोलणं झालं. सरांनी पहिल्याच कॉलला विचारलं की तुम्ही काय काम करू शकता, किती दिवस राहणार, आधी मुलांमध्ये काम केलंय का, आणि पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला आणा. मला तेव्हा जरा राग आला होता, फुकट काम करायला येतोय आणि वर दाखला काय मागतात म्हणून, पण आता सांगतो की हॉस्टेलची शाळा आणि तुमच्याबद्दल काहीच विचारत नसेल तर तिथे जाऊच नका. हा दाखला पासपोर्टच्या वेबसाइटवरून अर्ज करून मिळतो, थोडे दिवस हातात ठेवून अर्ज करा.

आणि ते पॅकेजवाले, आठवड्याचे अमुक डॉलर भरा, सकाळी मुलांना शिकवा, दुपारी मंदिरं बघा, शेवटी सर्टिफिकेट, यांच्यापासून चार हात लांब राहा. नेपाळात अनाथाश्रमांच्या नावाखाली हा धंदा बराच बोकाळला होता, आईबाप जिवंत असलेली पोरं खेड्यातून आणून अनाथ म्हणून ठेवायची आणि परदेशी लोकांच्या जिवावर आश्रम चालवायचा, यावर तिथल्या पेपरात भरपूर येऊन गेलंय. नोंदणी असलेली शाळा, तिचा स्वतःचा फोन, तिथल्या बहिऱ्यांच्या संघटनेला ती माहीत असणं, एवढं तरी तपासा.

आता तिथलं थोडं सांगतो, नाहीतर जाऊन नुसतं बघत बसाल. नेपाळातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा १९६६ साली काठमांडूत नक्सालला सुरू झाली. सुरुवातीला तिथेही ओठ बघा आणि बोला यावरच भर होता, खुणांची भाषा वर्गात नंतर आली. २०१५ च्या त्यांच्या राज्यघटनेत तर कलम ३१ मध्ये बहिऱ्या नागरिकांना सांकेतिक भाषेतून मोफत शिक्षणाचा हक्क लिहूनच टाकलाय. दादाला हे वाचून दाखवलं, म्हणजे खुणांनी सांगितलं, तर तो बराच वेळ काही बोलला नाही. तो शिकला त्या शाळेत हात हलवले की पट्टी बसायची, सगळा जोर शब्द तोंडातून काढण्यावर, आणि आजही त्याला बोललेलं चार शब्दांपलीकडे कुणाला कळत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर जाताना स्वस्तातला मार्ग घेतला. कल्याणहून कुशीनगर एक्सप्रेसनं गोरखपूर, तिथून जीपनं सोनौली, बॉर्डर चालत ओलांडायची, पलीकडे भैरहवा आणि तिथून काठमांडूची बस. अंग पार खिळखिळं होतं. या बसच्या वाटेतला नारायणगढ ते मुग्लिन हा रस्ता त्रिशूली नदीच्या कडेकडेनं जातो, पावसाळ्यात दरडी कोसळतात, २०२४ च्या जुलैमध्ये तिथेच दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या, त्यामुळे जून ते सप्टेंबर या वाटेनं जाऊच नका. येताना विमानानं आलो. भारतीयांना व्हिसा लागत नाही पण विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र पाहिजे, नुसत्या आधारवर भागत नाही. सोबत बहिरा माणूस असेल तर त्याचं अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड जरूर घ्या, पोलिसांना पटकन समजतं, पण ओळखपत्र म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

पैशाचं सोपं आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. आपल्या १०० च्या नोटा चालतात, त्यावरच्या मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात म्हणून जायच्या आधी ताजं काय ते बघून घ्या. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. आणि हो, आम्ही गेलो तेव्हा रविवारी शाळा असायची, सुट्टी शनिवारी, आम्ही पहिल्या रविवारी झोपून राहणार होतो तर दारावर थापा.

कधी जायचं हे सर्वात महत्त्वाचं आणि तेच कुणी विचारत नाही. त्यांचं शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. दशैं म्हणजे आपला दसरा आणि तिहार म्हणजे आपली दिवाळी, तेव्हा लांबलचक सुट्ट्या, हॉस्टेलची मुलं घरी जातात, शाळा रिकामी. त्यांच्या चैत्राच्या म्हणजे मार्च-एप्रिलच्या आसपास दहावीची एसईई परीक्षा, तेव्हा शिक्षकांना तुमच्यासाठी वेळ नसतो. तिहार झाल्यावर लगेच गेलात तर उत्तम, हवाही मस्त असते, फक्त रात्री थंडी वाजते. शाळेची पत्रं विक्रम संवतातल्या तारखांनी येतात तेव्हा तारीख इंग्रजी महिन्यात कुठली ते विचारून घ्या, अंदाजानं तिकीट काढू नका.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी आम्हाला नर्सरीत बसवलं. नर्सरी म्हटल्यावर मी चिल्लीपिल्ली असतील असं धरून चाललेलो, तर पाच वर्षांच्या पोरांशेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसलेला. डोंगरातल्या कुठल्यातरी जिल्ह्यातून नुकताच आणलेला, घरात सगळे ऐकणारे, गावात दुसरं कुणी बहिरं नाही, त्यामुळे खायला दे, इकडे ये, यापलीकडे त्याच्याकडे भाषाच नव्हती. नाव काय हे विचारलेलंच कळत नव्हतं कारण माणसाला नाव असतं हेच त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी त्याच्यासमोर खडू घेऊन उभा, करायचं काय? दादा जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. खिशातून रुमाल काढला, गाठ मारली, उंदीर केला, पळवला. मग मुलाकडे बघून खूण केली, उंदीर. परत पळवला, परत खूण. तासाभरात तो पोरगा रुमाल हिसकावून स्वतः खूण करून दाखवत होता. आणि दोन-तीन दिवसांत दादा जिथे जाईल तिथे तो मागे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शक्य असेल तर बहिऱ्या माणसाला सोबत न्या, किंवा खरं म्हणजे त्यालाच पाठवा आणि तुम्ही सोबत जा. या मुलांनी कमावता, प्रवास करणारा, मिशीवाला, विनोद करणारा बहिरा मोठा माणूस फारसा बघितलेलाच नसतो. मोठ्या वर्गातली मुलं दादाला विचारायची, मशीन चालवतोस म्हणजे आवाज ऐकू न येता बिघाड कसा कळतो? दादा दाखवायचा, तळहात मशीनच्या अंगावर ठेवायचा, थरथर बदलली की कळतं. पगार किती, लग्न झालंय का, बायको बहिरी का ऐकणारी, मोबाईल कुठला, सगळी चौकशी. मुलांनी त्याला नावाची खूणही दिली, म्हणजे नावाऐवजी करायची खूण, अंगठा बोटांवर घासायचा, शाईच्या डागांवरून. मला मिळाली ती चष्मा कपाळावर सरकवायची.

खुणांची भाषा जगभर एकच असते असं समजून कुणी जाऊ नका. नेपाळी सांकेतिक भाषा वेगळी, आपली भारतीय वेगळी, बऱ्याच खुणा जुळतात म्हणून दादाचं दोन-चार दिवसांत जमलं. अक्षरं मात्र अजिबात जुळत नाहीत. आपल्याकडे इंग्रजी एबीसीडी दोन हातांनी करतात आणि त्यांच्याकडे देवनागरी, क ख ग घ, ती एका हातानं. आता देवनागरी आपल्याला येतेच त्यामुळे मराठी माणसाला हा सरळ फायदा आहे, जायच्या आधी यूट्यूबवर बघून अक्षरं पाठ करा, तिथे पोहोचल्यावर जी खूण येत नाही ती निदान अक्षरांनी सांगता येते. शिकवणी लावायची तर तिथल्या बहिऱ्या शिक्षकाकडेच लावा आणि तिचे पैसे द्या.

वागण्याचं थोडं. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, उजेड मागून आला की तुमचा चेहरा काळा दिसतो आणि चेहऱ्यावरच निम्मी भाषा असते, भुवया वर गेल्या की प्रश्न, वगैरे. लक्ष वेधायचं तर हात हलवा, खांद्यावर हलकं थोपटा, लाकडी जमीन असेल तर पाय आपटा. दोघं खुणांनी बोलत असतील तर मधून सरळ निघून जा, वाकून माफी मागत थांबलात तर उलट जास्त अडथळा. आणि इयरप्लग न्या. हसू नका, बहिऱ्या मुलांचं हॉस्टेल शांत असेल हा आपला गैरसमज, दारं धाडकन आपटतात, ताटं वाजतात, पोरं मोठमोठ्यानं हसतात, त्यांना कळणार कसं? दादा मस्त घोरत पडायचा, मी छताकडे बघत.

जेवण सकाळी दहाला दालभात आणि संध्याकाळी परत दालभात, मध्ये खाजा म्हणजे नाश्ता म्हणून चिउरा म्हणजे पोहे, नाहीतर चाऊचाऊ म्हणजे नूडल्स. गुंद्रुकाची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची चव लागायला वेळ लागतो पण लागली की सुटत नाही. शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलो होतो ती तिथल्या दिदींनीच संपवली.

मग मी काय केलं. शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गेल्या अनेक वर्षांचे वर्कशीट्स पडले होते, सगळे प्रीती फॉण्टमध्ये. आपल्याकडे श्रीलिपी, कृतीदेव या जुन्या फॉण्टचं जे आहे तेच तिकडे प्रीतीचं, फॉण्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, मोबाईलवर तर वाचताच येत नाही. ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत आणायचं काम मी घेतलं. कन्व्हर्टर फुकट मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, एकेक ओळ तपासावी लागते, आणि नेपाळी शब्द आपल्यासारखे दिसले तरी शुद्धलेखन वेगळं असतं म्हणून शेवटी तिथल्या मिसकडून वाचून घ्यायचंच. हे काम कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं नाही, आणि शिक्षकांना याचाच जास्त उपयोग झाला. तुम्हाला अकाउंट्स येत असेल, वायरिंग येत असेल, शिवणकाम येत असेल तर तेच सांगा, इंग्रजी शिकवतो म्हणू नका, ते सांगणारे रांगेनं येतात.

त्या वर्कशीट्समधली चित्रं बघण्यासारखी होती. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी इंटरनेटवरून घेतलेली, बाजार या शब्दाला सुपरमार्केटची ट्रॉली, घर म्हणजे धुराडं आणि बर्फ. चौथीतल्या एका मुलीनं ट्रॉलीवर पेन्सिलनं फुली मारली आणि शेजारी डोको काढला, पाठीवरची बांबूची टोपली, कपाळावरून आलेला पट्टा, खाली वाकलेली बाई, आणि टोपलीत मुळा. इतका नेमका की मी तोच स्कॅन करून टाकला. मग मुलांनाच कामाला लावलं, तुम्ही काढा, मी छापतो, आणि शेजारच्या चौकटीत दादा आणि तिथले एक बहिरे सर खुणा करतायत असे फोटो. फोटोत फक्त मोठी माणसं ठेवली, मुलांचे चेहरे कुठेच टाकले नाहीत, तुम्हीही स्टेटसला टाकू नका, सरांनी हो म्हटलं तरी.

शनिवारी फिरायला मिळतं. शहरात बेकरी कॅफे नावाच्या हॉटेलांत बहिऱ्या वेटरना कामावर ठेवायची जुनी पद्धत आहे, तिथे खुणांनी ऑर्डर देऊन बघा, दादानं तिथे चहाच्या नादात अख्खी दुपार काढली आणि बिल मी भरलं.

काही द्यायचंच असेल तर जुने कपडे आणि चॉकलेटं नेऊ नका, त्याचा ढीग पडलेला असतो. सरांना आधी विचारा. आमच्या वेळी त्यांना लॅमिनेशनची पाऊचेस आणि प्रिंटरचा टोनर हवा होता, दोन्ही काठमांडूतच मिळतं, तिथेच घ्या आणि बिल शाळेच्या नावानं करा.