तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मदतवाटपाच्या फोटोत चेहरे का नसतात?

मराठवाड्यातल्या सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर देणगीदारांचा हा प्रश्न थांबलेलाच नाही. "पैसे आम्ही दिले, मग मदतीचं किट कुणाला मिळालं ते दिसू द्या की." मागणी खोटी नाही. चेहरा दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही, हे मीही पूर्वी ठासून सांगायचे.

तुम्ही नमुना म्हणून पाठवलेलाच फोटो घ्या. परंडा तालुक्यातली बाई, एका हातात किट, दुसऱ्यात आधार कार्ड. नंबरावर मोबाइलच्या मार्करची काळी रेघ. असली रेघ बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते. ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे उजळतात. समजा, रेघ पक्की आहे. शेजारचा क्यूआर कोड उघडाच आहे. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता भरलेला असतो. जुन्या कार्डांच्या कोडमध्ये तर बाराही आकडे. मागं शाळेची पाटी, पाटीवर गाव. एवढ्यावर फोन येतो, "ताई, तुमचं पुराचं अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा." बोलणाऱ्याला तिचं पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख ठाऊक असते, म्हणून ती सांगून टाकते.

ब्लरवर भिस्त ठेवू नका, ठळक आकडे त्यातूनही ओळखू येतात. भरीव काळा चौकोन टाका, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तोच पाठवा. लाभार्थी यादीच्या पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली, तर खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो. पट्टी ओढून प्रिंट काढा, मग स्कॅन करा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका, लोकेशन चालू ठेवून काढला असेल तर जागेचा पत्ता त्याच्यासोबत जातो.

हिशेबाला पावत्या आहेत, गावनिहाय किटांचा आकडा आहे, यादी प्रत्यक्ष येऊन बघता येते. फोटो पाठमोरा किंवा फक्त हातांचा. त्यातही हातावर नाव गोंदलेलं असतं, ते बघायचं राहून जातं.

"तिनं हो म्हटलं होतं," असं तुम्ही म्हणता. किट हातात पडायच्या आधी विचारलं तर नाही कोण म्हणेल? आम्ही आता किट दिल्यावर, मोबाइल खिशात ठेवून विचारतो. तरी पुढच्या यादीत नाव राहावं म्हणून ती मान हलवत असेल, हे मला नाकारता येत नाही.