दुसऱ्याच्या भिंतीचं तुम्हाला काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर या प्रश्नाला मी हसून वेळ मारून नेते. जुनी घरं जपायच्या हौसेनं सुट्टीच्या सकाळी आम्ही पाच-सहा जण शिडी, बादल्या आणि वही घेऊन जुन्या गल्लीत शिरलो की कुणीतरी दारातून विचारतंच, "घर त्यांचं, भिंत त्यांची. तुम्हाला काय पडलंय?"

हक्क म्हणाल तर काहीच नाही. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोनं एकोणिसाव्या शतकात जुन्या वास्तू पाडणाऱ्यांवर तुटून पडताना म्हटलं होतं की, इमारतीचा वापर मालकाचा, पण तिचं सौंदर्य सगळ्यांचं. आमच्यातल्या नव्या मंडळींना हा विचार फार आवडतो. घरमालकासमोर तो मांडायचा मला धीर होत नाही. छप्पर गळायला लागलं की खाली बादली त्यालाच ठेवावी लागते.

लोकांना वाटतं, आम्ही बुलडोझरपुढे आडवे पडतो. तसं क्वचितच करावं लागतं. छोट्या गावाचा जुनेपणा पाडापाडीत जातो त्याहून जास्त दुरुस्तीत जातो, असं माझं मत आहे. लाकडी खिडकी कुजली, तिथे अॅल्युमिनियमची सरकती आली. पायरीचा दगड हलला, त्यावर चकचकीत फरशी बसली. एकेक बदल समजण्यासारखाच असतो. पण दहा-बारा वर्षांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की ती कुठल्या गावातली आहे ते सांगता येत नाही.

आणि या दुरुस्तीचं पाप आमच्याही माथी आहे. सुरुवातीच्या उत्साहात आम्ही एका जुन्या विटांच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटनं भरून दिल्या. छान रेखीव दिसत होत्या. स्वतःवर खूश होऊन आम्ही फोटोही काढले. दोन पावसाळ्यांनंतर विटांचे तोंडवळे पापुद्र्यासारखे सुटू लागले आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जाळीसारख्या पुढे राहिल्या.

कारण साधं होतं, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. जुनी भिंत पाणी अडवत नाही, ती पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. चुन्याच्या दरजा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ओल तिथून बाहेर पडते. ती वाट सिमेंटनं बुजवली की ओल विटेतूनच निघू पाहते, सोबतचे क्षार विटेच्या दर्शनी थराच्या आत साठतात आणि तिची खपली उडवतात. आपण ज्याला लोणा लागला म्हणतो, तोच प्रकार. दरज खराब झाली तर पुन्हा भरता येते. वीट गेली की गेली. म्हणून झिजायचं ते दरजेनं, हा जुना हिशेब होता. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं, त्याआधीच्या भिंतींना ते माहीतही नव्हतं.

मग आम्ही चुना शिकलो. चुनखडी साधारण नऊशे अंशांवर भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलं की तो खदखदतो, डोळे जातील इतका, म्हणून चष्म्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. मुरला की लोण्यासारखा होतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतून तोच वायू परत घेत पुन्हा दगड होतो, पण फार सावकाश. भर उन्हात नुसताच वाळतो, धरत नाही. म्हणून आमचं निम्मं काम दरजांवर टांगलेली पोती ओली ठेवणं हेच असतं.

बाकी निम्मं पन्हळी साफ करणं. फोटो काढावा असं त्यात काही नाही, पण घर वाचतं ते तिथे. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली, तेव्हा तिच्या जाहीरनाम्यातही थाटामाटाच्या जीर्णोद्धारापेक्षा रोजच्या निगराणीवरच भर होता. आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेचा, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, एक नियम मी आमच्या हौशी लोकांना वारंवार ऐकवते: अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा. 'पूर्वी इथे महिरप असेल' एवढ्यावर महिरप बांधायची नाही.

तरी तुमचा प्रश्न उरतोच, मालकाचं काय? जपानमधल्या त्सुमागो या छोट्या मुक्कामी गावाचं उदाहरण मला इथे जवळचं वाटतं. महामार्ग आणि रेल्वे दुसरीकडून गेल्यावर ते ओस पडत चाललं होतं. तिथल्या रहिवाशांनी १९७१ साली आपणहून ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. कायद्यानं जुन्या वस्त्यांना संरक्षण द्यायची सोय त्यानंतर, १९७५ मध्ये आली. भाड्यानं न देण्याची अट मला जाचक वाटते, आमच्याकडे मी ती सुचवणारही नाही. पण ती त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती, बाहेरच्या कुणी नाही.

आम्ही मालकाला अट घालत नाही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधून देतो, खिडकीची फक्त कुजलेली खालची पट्टी बदलता येते हे सुताराकडून दाखवतो, शिडी आणतो. तरीही तो नको म्हणाला तर विषय संपला.

कोपऱ्यावरचं घर आहे ना, तिथले काका दर वर्षी नको म्हणतात. त्यांच्या पन्हळीत एक रोप उगवलंय. तेवढं मात्र ते काढू देतात, खाली उभं राहून शिडी धरतात आणि वर बघत विचारतात, "पण तुम्हाला काय पडलंय?" रोप मुळासकट निघत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा जायचंय.