भंडारा लागलेली फाईल

ती फाईल उघडली की अजून बोटाला पिवळं लागतं. त्या मंगळवारी फाईलवाली बाई सौंदत्तीहून, रेणुका-यल्लम्माचं दर्शन घेऊन, थेट आमच्याकडे आली होती. एकाच पिशवीत रिपोर्ट, खण-नारळ आणि भंडाऱ्याची पुडी.

बेळगावातल्या एका वंध्यत्व केंद्रात मी कौन्सेलर आहे. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं जोडप्याचं समुपदेशन बंधनकारक झालं. निम्मा दिवस संमतिपत्रं वाचून दाखवण्यात जातो. फॉर्म इंग्रजी नाहीतर कन्नड. खानापूर-निपाणीकडची बाई सही करते ती माझ्या तोंडी मराठीवर. एवढे पैसे घेणाऱ्यांना मराठी फॉर्म छापवत नाही.

उरलेला निम्मा दिवस नवऱ्यांची मनधरणी. खरं तर सगळ्यात सोपी तपासणी पुरुषाचीच. दोन ते सात दिवस संबंधाचं पथ्य, डबीत वीर्याचा नमुना, आणि तो तासाभरात लॅबमध्ये. पण बायकोच्या नळ्या तपासून होतात, दुर्बीणसुद्धा घालून होते, तेव्हा साहेब उगवतात. "मला काय झालंय ओ?" एकानं तर नमुना घरून आणला, दीड तास बसमधून. पुन्हा द्यावा लागला तेव्हा आमच्यावरच डाफरला.

हिचा नवरा लग्नानंतर आठव्या वर्षी तयार झाला. शुक्राणू शून्य. एका रिपोर्टवर आम्ही थांबत नाही. दुसरा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोही कोरा. आता वृषणात सुई घालून काही मिळतंय का बघायचं. मिळालं तर इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडायचा, नाहीतर दात्याचे शुक्राणू. मी समजावत होते, तो चपलांकडे बघत होता.

तिचे सगळे रिपोर्ट चांगले. तरी आठ वर्षं मंगळवार-शुक्रवार तिनंच धरलेले, सौंदत्तीच्या जोगणभावी कुंडात ओल्या अंगानं तीच उभी राहिलेली, आणि जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला पुढं झाली तेव्हा "राहू दे" तेही तिलाच.

त्या मंगळवारी मात्र ती एकटीच होती. मी म्हटलं, "सासूबाईंना एकदा कळू दे की." हे मी बोलायला नको होतं. रिपोर्ट नवऱ्याचा, त्याच्या परवानगीशिवाय घरात कुणाला सांगता येत नाही. पण राग आला होता.

"नको ओ मॅडम. आत्तींना कळलं तर हे गावात राहायचे न्हाईत." मग जरा थांबून म्हणाली, "आईला सांगून आलोय. रेणुकेनं नवऱ्याच्या रागापायी काय सोसलंय! तिला लई समजवायला लागत न्हाई."

आमच्या फॉर्मवर 'भावनिक आधार' असा रकाना आहे. पती, माहेर, सासर, मैत्रीण, अन्य. नवस-उपवास ऐकले की मी मनात 'अपराधभाव' लिहून मोकळी होते. पुष्कळदा असतोही तो. मागच्या जन्मीचं पाप म्हणून इंजेक्शनं चालू असतानाही बायका जेवत नाहीत. हिच्यापुढं ते लिहवेना. सासू जिच्या नावानं उपास घालते तीही देवीच, आणि घरातलं गुपित जिच्यापाशी ठेवलंय तीही तीच. 'अन्य'वर खूण केली. पुढची ओळ अजून रिकामी आहे.

उठताना तिनं विचारलं, "सुईच्या दिवशी मी उपाशी यायचं काय?"

"तुम्ही नाही, त्यांनी. भूल द्यायची असते. रात्रीपासून काही खायचं नाही."

"होय? घडू दे की एकदा त्यांनाबी," ती म्हणाली, आणि जाता जाता माझ्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवून गेली.