सैतानाचा धिक्कार करता का?

आमच्या घरी देवघर नव्हतं. कपाटात पोटॅशियम परमँगनेट, ग्लिसरीन आणि कापूर असायचा. बाबा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांत चमत्कार करून दाखवायचे आणि मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचे. जिभेवर कापूर पेटवायला मी शाळेत असतानाच शिकले. पुढे लग्नही नोंदणी पद्धतीनं केलं. अशा घरातली मुलगी चाळिशीला टेकल्यावर कॅथलिक होते म्हटल्यावर मावशीनं विचारलं, "हे धर्मांतर नेमकं कुठल्या धर्मातून म्हणायचं गं?"

प्रश्न रास्त होता. बहुतेक नातेवाइकांनी रेव्हरंड टिळकांचं नाव काढलं, कुणी कौतुकानं, कुणी धसक्यानं. पण 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होण्याआधीही टिळकांना देव हवाच होता. मला नको होता. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कहाणी, मी उघडलं ते चुका काढायला. चार शुभवर्तमानांतलं सर्वांत छोटं, सोळाच अध्याय, एका बैठकीत होतं. त्याचा शेवट मात्र डोक्यातून जाईना. चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत ते संपतं तिथे येशूच्या रिकाम्या कबरीपाशी आलेल्या बाया घाबरून पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत. बस. प्रचारासाठी लिहिणारा माणूस असा शेवट कशाला करेल? हा पुरावा नव्हे, हे मलाही कळत होतं. पण माझी तुच्छता तिथे गेली. मग चर्चमधल्या रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले, आणि एखादा रविवार चुकला की चुकल्यासारखं वाटायला लागलं. याहून नाट्यमय काही माझ्या बाबतीत घडलं नाही.

फादरांना सांगितलं तेव्हा वाटलं, ते खूश होतील आणि तारीख देतील. त्यांनी आधी विचारलं, "नवरा ख्रिस्ती आहे का?" नाही. "कुणी काही देऊ केलंय का?" नाही. "मग घाई कसली?" बाप्तिस्म्याआधीचा वर्गच वर्षभर चालणार होता, दर आठवड्याला, एका सिस्टरांकडे. स्वखुशीनं येत असल्याचं प्रतिज्ञापत्र मी वकिलाकडून करून नेलं. ज्यांना धास्ती असते त्यांच्यासाठी सांगते: नाव बदलावं लागत नाही, माझं आहे तेच आहे. लग्नही पुन्हा लावावं लागलं नाही. दोघंही बाप्तिस्मा न झालेले असताना केलेलं लग्न चर्च मानतं. नवऱ्यानं फक्त रविवारचा नाश्ता कोण करणार एवढं विचारून घेतलं.

वर्गात आम्ही थोडेच होतो. एकाचं कॅथलिक मुलीशी लग्न ठरलं होतं. दुसरा मुलगा अनुसूचित जातीतला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीची आरक्षणाची सवलत हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळते. ख्रिस्ती झाला की त्याचा दाखला गेला. माझ्या निर्णयानं चहाच्या टेबलावर वाद झाले, त्याच्या निर्णयानं नोकरीची वाट बंद होणार होती. श्रद्धेच्या गप्पा मारताना मी त्याच्यासमोर जरा गप्पच बसायचे. ईस्टरच्या बाप्तिस्म्याआधीच तो वर्ग सोडून गेला, आणि मी त्याला दोष देत नाही.

पहिला जाहीर विधी चर्चच्या दारात होतो. फादर विचारतात, "तुम्ही देवाच्या ख्रिस्तसभेकडे काय मागता?" उत्तर ठरलेलं आहे: "विश्वास." सिस्टरांनी आदल्या आठवड्यात हे शिकवलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे विश्वास सोबत घेऊन यायचा नाही? तो मागायचा? मी इतके दिवस पात्रता परीक्षेसारखी तयारी करत होते, अजून पक्का विश्वास बसत नाही म्हणून स्वतःला मागे ओढत होते. आणि इथे दारातच लिहिलेलं होतं की रिकाम्या हातानं या.

खरी अडचण ईस्टरआधीच्या उपवासकाळात आली. या काळातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी दीक्षार्थ्यांवर खास प्रार्थना होतात, आणि त्यात दुष्ट शक्तीपासून सोडवण्याची प्रार्थना असते. शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा धिक्कार करायचा असतो. ज्या माणसानं आयुष्यभर भूत उतरवणाऱ्यांशी भांडण केलं, जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर 2013 मध्ये झाला तेव्हा डॉ. दाभोलकर तो पाहायला नाहीत म्हणून जो रडला, त्याच्या मुलीनं हे करायचं? मी फादरांशी तावातावानं भांडले. त्यांनी शांतपणे पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. तीन प्रश्न असतात: सैतानाचा धिक्कार करता का, त्याच्या सर्व कृत्यांचा, आणि त्याच्या सर्व पोकळ थाटामाटाचा?

मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ पुस्तक बघत राहिले. मग म्हणाले, "तिसरा मी चाळीस वर्षं करतोय. पहिल्या दोघांची माझी ओळख नाही."

मला ते पुरलं. सैतान शिंगवाला आहे की नाही यावर माझं मत अजून ठरलेलं नाही, पण माणसाला गिळणारं काहीतरी बाहेरून येतं आणि आतूनही, हे मी नाकारू शकत नव्हते. हातातून प्रसाद काढणारे बुवा आणि व्यासपीठावरून लंगड्यांना पळवणारे प्रवचनकार मला आजही सारखेच खटकतात. त्यातलं काही मी बाप्तिस्म्याबरोबर गिळलेलं नाही.

उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी शोमरोनी बाईची गोष्ट वाचतात. भर दुपारी विहिरीवर आलेल्या, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत अशा जमातीतल्या बाईकडे येशू पाणी मागतो. महाराष्ट्रात या गोष्टीवर प्रवचन करायची गरजच पडू नये. तरी फादरांनी चवदार तळं आणि 1927 काढलंच, आणि बरं केलं.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला बाबा आले. मुलगी पाण्याखाली जाणार तर बघायला हवं, म्हणाले. मी पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कुंडातलं पाणी पाहून क्लोरिनचा विचार मनात आलाच. अंधारात मेणबत्त्या पेटल्या, मग जुन्या करारातली वाचनं सुरू झाली. सगळी घेतली तर ती सात असतात आणि आमच्याकडे सगळी घेतली. पहिलंच उत्पत्तीचं. बाबा माझ्या कानाशी वाकले. "सूर्य चौथ्या दिवशी? मग पहिले तीन दिवस मोजले कसे?"

हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या ख्रिस्ती पंडितानं विचारून ठेवलाय, असं मी कुजबुजले. बाबांना ते इतकं आवडलं की माझ्या डोक्यावर पाणी पडत असताना ते शेजारच्या अनोळखी बाईंना ओरिगेनबद्दल विचारत होते. आता ते महिन्यातून एकदा फादरांकडे वाद घालायला जातात. मला बरोबर नेत नाहीत. म्हणतात, तू त्यांच्या बाजूनं बोलतेस.