बाप्यांना झालेले बापे

जुने कागद घरात टिकतात ते जिव्हाळ्यापोटी नव्हे, भाऊबंदकीपोटी. सनद, वाटणीपत्र, खरेदीखत हे सगळं रुमालात बांधून, आत वेखंडाचा तुकडा टाकून माळ्यावर जपलेलं असतं, कारण कुठला चुलता कधी कोर्टात जाईल याचा नेम नसायचा. त्याच घरातली खुशालीची पत्रं बंबात गेली. आणि परवापरवापर्यंत ‘कचरा’ म्हणून हिणवलेल्या मोडी लिपीतल्या दप्तरांना २०२३ साली एकदम भाव आला, तो कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली तेव्हा. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला.

आमच्या काकांनी निवृत्तीनंतर वंशावळ केली. चार्ट पेपरवर झाड, बुंध्याशी मूळपुरुष, वर फांदीफांदीला मुलगे. काकूनं चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाली, “बाप्यांनाच बापे झाले म्हणायचे तुमच्या घराण्यात!”

तिचं खरं आहे. आपल्या बहुतेक वंशावळींत बायका नसतातच, कारण त्या मुळात वारसा सांगण्यासाठी लिहिलेल्या. बायका सापडतात त्या भलत्याच ठिकाणी. नाशिकला, त्र्यंबकेश्वराला तीर्थोपाध्याय आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग वही काढतात. तिथं आपल्याच कुणा पूर्वजानं यात्रेला आल्यावर घरच्यांची नावं लिहिलेली असतात. त्यात कधी आई असते, कधी बायको. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर फिरून कुळाच्या पिढ्या वाचून दाखवतात, नवी नावं चढवून घेतात.

पण माझी आवडती जागा म्हणजे जमाखर्चाची वही. पणजोबांच्या वहीत पणजीचं नाव कुठंही नाही. मात्र एका भाद्रपदात ‘बाळंतिणीस डिंक, खारीक, खोबरे’ असा खर्च पडला आहे. आजोबांच्या जन्माचा तेवढाच लेखी पुरावा. पुढच्या पानावर बांगड्या. त्याच्या पुढच्या महिन्यात वैद्याचे पैसे, दोनदा. झाडावर जिला फांदी मिळाली नाही, ती इथं आजारी पडते, बरी होते, बांगड्या भरते. काकांच्या मते ही वही म्हणजे रद्दी, ‘इतिहासाच्या दृष्टीनं काही नाही त्यात’.

कागदही मोठा लबाड. चिंध्यांच्या लगद्याचा जुना हातकागद आणि काजळाची शाई शेदीडशे वर्षं सहज काढतात. कसर आणि वाळवी लागली नाही म्हणजे झालं. उलट गेल्या शतकातला गिरणीचा स्वस्त कागद आतल्या आम्लानंच पिवळा पडून घडीवर तुटतो. त्यावर कुणीतरी प्रेमानं सेलोटेप लावते. टेप वाळून गळून पडते, तिचा तपकिरी डाग राहतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागद सुखरूप सोडवणं जवळजवळ अशक्य. त्यापेक्षा सुती रुमाल बरा.

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघालं, त्यामागे वि. का. राजवाडे होते. गावोगाव हिंडून, घरोघरची दप्तरं मागून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. त्याचा पहिला खंड १८९८चा. आज संस्थेला कागद द्यायचे ठरले की घरचे आधी ते ‘साफ’ करतात. ‘महत्त्वाचे’ वेगळे, चिठ्ठ्याचपाट्या रद्दीत. खरं तर गठ्ठा ज्या क्रमानं बांधलेला होता, तो क्रमसुद्धा अभ्यासकाला काही सांगत असतो. सोडायचाच असेल तर निदान फोटो काढून मग सोडावा.

आमच्याकडचा वाद अजून मिटलेला नाही. काका फक्त सनद आणि चार्ट पेपर द्यायला तयार आहेत. वही काकूनं आपल्या कपाटात नेऊन ठेवलीय. “झाड तुम्ही द्या,” ती म्हणते, “वही मी देणार. आणि देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव घालायला सांगणार आहे, माहेरच्या आडनावासकट.”