रेक्टरांच्या ड्रॉवरमधला अर्ज

आपल्या शाळेत कुलगुरू आले होते तो दिवस बहुतेकांना फेट्यावरून आठवतो. फेटा बांधायला खास वडूजहून माणूस आणला होता. त्याने तो इतका सैल बांधला की भाषण सुरू होताच कुलगुरूंच्या कानावर उतरला. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि उघड्या डोक्याने पाऊण तास बोलले. साल लिहीत नाही, बॅचवाले ओळखतील, बाकीच्यांनी माझं वय मोजत बसू नये. तारीख मात्र पक्की: 22 सप्टेंबर, कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती.

मी तेव्हा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हेडसरांचं अंतर्देशीय आलं होतं, ‘जयंतीला ये. शर्ट इस्त्रीचा घाल.’ पहाटेची एसटी, कराडला बदल, पुसेसावळीवरून वडूज आणि तिथून पुढे वडाप. पोचेपर्यंत इस्त्री राहिली नव्हती.

भाषणाची सुरुवात ठरलेल्या वाटेने गेली. 1919 ला कराडजवळच्या काल्यात कर्मवीरांनी काढलेली रयत शिक्षण संस्था, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग, 1927 ला गांधीजींच्या हस्ते तिला शाहू छत्रपतींचं नाव. पुढच्या रांगेतली पाचवीची पोरं कुलगुरूंच्या आधीच साल पुटपुटत होती. त्याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हेही आलं. हेडसर ते दर जयंतीला सांगायचे, त्यामुळे कुलगुरू होणं म्हणजे आपल्यातल्याच कुणाला तरी लागणारी नोकरी, असा आमचा बरीच वर्षं समज होता.

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. विद्यापीठाच्या विद्यार्थी भवनातल्या मुलांची नोंद त्यावर उतरवून आणली होती. ‘कमवा व शिका’ ही कल्पना मूळ कर्मवीरांची. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ती विद्यापीठात रुजवली. मुलांनी काम करायचं, तिथेच राहायचं आणि शिकायचं. मला ग्रंथालयात काम होतं, परत आलेली पुस्तकं नंबर बघून मांडणीवर लावायची. सबंध आयुष्यात जेवढी वाचली नसतील तेवढी पुस्तकं मी त्या दोन वर्षांत उचलली.

कागद बघून कुलगुरू म्हणाले की, तुमच्या शाळेची मुलं फॉर्म शेवटच्या दिवशी आणतात, त्यात खाडाखोड असते, इंग्रजी कच्चं असतं आणि मुलाखतीला खाली मान घालून बसतात. स्टेजवर हेडसरांचा चेहरा उतरला. जयंतीला पाहुण्याने असं बोलायचं नसतं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. इथून आलेला एकही मुलगा शिक्षण अर्धवट टाकून गेलेला नाही, आणि एखाद्या शाळेबद्दल कुलगुरूला याहून जास्त काही जाणून घ्यायचं नसतं.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी मात्र चपलेचा तुटलेला अंगठा बघत बसलो. कुलगुरूंबरोबर आलेले आमच्या विद्यार्थी भवनाचे रेक्टर दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं.

झालं होतं असं. पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी चाचणीत मी सपाटून आपटलो. वर्गात काय चाललंय तेच कळेना. मी फुलस्केपवर अर्ज लिहिला, ‘घरगुती अडचणीमुळे शिक्षण सोडीत आहे, तरी अनामत परत मिळावी.’ अडचण घरगुती नव्हतीच, सगळी माझ्या डोक्यातली होती. रेक्टरांनी वाचला आणि म्हणाले, “तारीख कुठाय? उद्या या.” दुसऱ्या दिवशी तारीख घालून गेलो. मग विचारलं, “शाळा कुठली?” सांगितली. “त्या शाळेच्या मुलाचा असला अर्ज आजवर आलेला नाही. तुमच्या हेडमास्तरांना विचारल्याशिवाय मला घेता येणार नाही.” असला काही नियम नव्हता, हे मला फार पुढे कळलं.

आठ दिवसांनी हेडसरांची मनीऑर्डर आली, चाळीस रुपयांची. खालच्या कुपनावर निरोपाला चार बोटं जागा असते. तिच्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘परीक्षा दे. नापास झालास तर बोर्डिंगाच्या मळ्यात पाणी धरायला माणूस पाहिजेच आहे.’ हसू आलं, आणि राग तर त्याहून जास्त आला. त्या रागावर मी मार्चपर्यंत अभ्यास केला.

कुलगुरूंचं ते वाक्य मी पुढे पुष्कळ ठिकाणी ऐटीत सांगितलं. पण त्यात एक खोट आहे, आणि ती त्यांना दिसणं शक्य नव्हतं. विद्यापीठापर्यंत पोचलेले आम्ही चाळणीवर उरलेले. माझ्या बाकावर बसणारा मुलगा गणितात माझ्या कितीतरी पुढे होता. फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत याचं उत्तर तयार. नववीच्या सहामाहीनंतर मामाने त्याला गलाईच्या दुकानात नेलं, पार तमिळनाडूत. आपल्या भागातली किती घरं सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलींचं तर विचारूच नका. आमच्या वर्गातल्या सात-आठ जणींपैकी दहावीच्या फोटोत तिघी आहेत. अर्धवट सोडून गेलेल्यांची यादी शाळेच्याच हजेरीपटात होती, तांबड्या शाईच्या रेघांनी. तो पट काही कुलगुरूंच्या खिशात नव्हता.

हे त्या दिवशी सुचलं असतं तरी बोलायची छाती नव्हती. कार्यक्रमानंतर सातवीच्या वर्गात चहा-चिवडा होता. हेडसरांनी मला दंडाला धरून पुढे केलं, “हा आपलाच, सर. तुमच्याकडेच असतो.” मी पाया पडलो. कुलगुरूंनी विषय विचारला, मी सांगितला, अर्थातच खाली बघून. “बघा, म्हटलं नव्हतं?” ते म्हणाले आणि सगळे हसले.

रेक्टर कपबशी घेऊन शेजारी आले आणि हळूच म्हणाले, “तुझा अर्ज आहे हं माझ्या ड्रॉवरमध्ये.”

“फाडून टाका की सर.”

“पास हो, मग तुझा तूच फाड.”

निकाल लागला तेव्हा मी इकडे गावी होतो. पेढे घेऊन गेलो तोवर रेक्टर निवृत्त झाले होते आणि खोलीत नवं स्टीलचं टेबल आलं होतं. लाकडी टेबल कुठे गेलं म्हणून शिपायाला विचारलं. तो म्हणाला, गेलं असेल कुठल्या तरी डिपार्टमेंटला, चांगलं सागवानी होतं, टाकणार कोण.