राउंड फिगरचा वास

सर आले ते नाकाला रुमाल लावूनच. 1998 ची पांढरी मारुती 800, कार्बोरेटरवाली. सर गणिताचे, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात ते अधूनमधून येतात.

"मिस्त्री, पेट्रोलच्या वासानं आत बसवत नाही. आमची मंडळी म्हणतात, ह्या गाडीतनं लेकीकडं रत्नागिरीला यायची नाही."

बॉनेट उघडलं तर आत सगळं नवं. मधे दुसऱ्या एका गॅरेजात त्यांनी कार्बोरेटरचं किट, पंप, पुढच्या नळ्या, सगळं बदलून घेतलं होतं. वास जागेवरच.

"इथेनॉलमुळं काय हो?"

हल्ली गाडी शिंकली तरी लोक इथेनॉलवर ढकलतात. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने, त्यामुळं ह्या विषयावर पानटपरीवाल्यालाही मत आहे. जुन्या रबराला पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल मानवत नाही, हे खरंच. पण तसं असतं तर वास रोज आला असता, आणि सरांचा वास रोज येत नव्हता.

मला आधी वासाची वेळ लागते. गरम गाडी बंद करून ठेवल्यावर आला, तर कार्बोरेटर. इंजिन चालू असतानाच आला, तर पंप आणि त्याच्या पुढची नळी. टाकी भरल्यावर आला, तर मग पुढं हुडकत बसायचं नाही, मागं जायचं. सरांना विचारलं तर त्यांनी कप्प्यातनं डायरीच काढली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, शेजारी लाल पेनानं 'वास'.

लाल खुणा सगळ्या 'टाकी फुल' असलेल्या ओळींना. पण सगळ्याच फुलना नाहीत. मी नुसता बघत बसलो. सरांनीच चष्मा वर सरकवला. "1900 ला वास आहे. 1863 ला नाही. 2100 ला आहे. 1742 ला नाही."

पंपावर नोझल कट झालं की पोरगं विचारतं, "राउंड फिगर करू का?" आपण मान हलवतो. ते वरचं पेट्रोल टाकीत मावत नाही, भरायच्या गळ्यात उभं राहतं. गळा आणि टाकी यांना जोडणारी रबरी नळी एरवी कोरडी असते, राउंड फिगरला भरते. त्यात आंबा घाटातली चढणं-वळणं.

पोराला पंपावर पाठवून गाडी मुद्दाम राउंड फिगर करून आणवली. आल्यावर, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. बाहेर मोकळ्यावर लावली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, पुढची चाकं फळ्यांवर चढवली. घाट तयार.

काळ्या रबरावर ओल दिसत नाही. पावडर टाकून बघतात, पण सुगंधी पावडरनं नाक फसतं. सर अजून शिकवण्या घेतात, डिकीत खडूचं खोकं होतंच. दोन खडू कुटून भुकटी नळीवर, क्लिपांवर उडवली आणि चहा सांगितला.

चहा संपेपर्यंत खालच्या क्लिपपाशी पांढऱ्याचं राखाडी झालं. मग बोटभर रुंदीचा ओला पट्टा टाकीवर उतरला. नळी दाबली तर भरताला भाजलेल्या वांग्यासारखी मऊ. ही पेट्रोलची नळीच नव्हे, रेडिएटरच्या नळीचा तुकडा! ते रबर गरम पाण्याला वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण पेट्रोल लागलं की फुगतं, ढिलं पडतं. रोज बुडत नव्हती म्हणून इतकी तरी टिकली.

कुणा शहाण्यानं घातली, असं म्हणायला तोंड उघडलं आणि क्लिप दिसली. स्क्रूचं तोंड आत, पट्टीचं टोक पक्कडीनं दुमडलेलं. दुसऱ्याचं बोट कापू नये म्हणून तसं दुमडायची सवय माझी आहे.

सरांनी पानं मागं उलटली. "जून 2020. मागची नळी बदलली. 180 रुपये."

लॉकडाऊननंतरचे दिवस. सामान मिळत नव्हतं, हाताला लागलं ते बसवलं असणार. "महिन्याभरात या, बदलून देतो, असं बोललो असेन की, सर."

"बोलला असतात तर मी लिहिलं असतं."

यावर काय बोलणार! नळीच्या खाली येईपर्यंत पेट्रोल कॅनमध्ये काढलं, पेट्रोलची खरी नळी आणून बसवली, दोन्ही क्लिपा नव्या. पुन्हा खडू, पुन्हा चहा. भुकटी पांढरीच राहिली.

पैसे घेणार नाही म्हटलं, तर सरांनी पेन उघडलं. नळीची किंमत विचारली. मी 340 सांगितली.

"मागचे 180 जमा धरतो," म्हणाले आणि 160 रुपये मोजून टेबलावर ठेवले.